मागच्या एक्सलवरचा सायलेन्सर पाइप पुन्हा पुन्हा फुटतो: पट्टी नको, तुकडाच बदला

जुन्या गाडीचा सायलेन्सर फुटला, वेल्डिंग करून घेतलं, आणि वर्ष उलटायच्या आत त्याच जागी किंवा तिथून वीतभर पुढे पुन्हा फुटला. मुंबईत दहा-पंधरा वर्षांपूर्वीची पेट्रोल किंवा सीएनजी गाडी चालवणाऱ्याला हे नवीन नाही. त्यातही सगळ्यात जास्त छळतो तो एकच तुकडा. सायलेन्सरच्या मधल्या डब्यापासून निघून, मागच्या एक्सलवरून (मागची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावरून) कमान घेऊन मागच्या डब्याला मिळणारा पाइप. एका अंगाला पेट्रोलची टाकी, वर बॉडीचा पत्रा, खाली एक्सल, शेजारून हँडब्रेकची केबल. हात जात नाही, पान्हा फिरत नाही. मग मेकॅनिक जेवढं दिसतं तेवढ्यावर पट्टी मारतो आणि सांगतो, "साहेब, दिवाळीपर्यंत बघायला नको." दिवाळीपर्यंत खरंच बघावं लागत नाही. शिमग्याला बोंब सुरू होते.

हा पाइप आतून सडतो आणि पट्टी बाहेरून लागते, सगळी गोम तिथे आहे. पट्टीचे टाके ज्या पत्र्याला धरतात तो पत्राच आतून पापडासारखा झालेला असतो. शिवाय बऱ्याच जुन्या गाड्यांच्या मूळ पाइपला ॲल्युमिनियमचा मुलामा असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने टाक्याच्या दोन्ही कडांना तो जळतो आणि उघडं पोलाद गंजायला मोकळं होतं. म्हणून पुढची फूट टाक्यात न होता टाक्याच्या शेजारी होते. मेकॅनिक छातीठोकपणे म्हणतो, "माझं वेल्डिंग तर शाबूत आहे!" आणि ते खरंही असतं.

पाणी येतं कुठून

पावसाला सगळे दोष देतात, पण मुख्य पाणी इंजिनातूनच येतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं आणि वाफ होऊन सायलेन्सरवाटे बाहेर पडतं. सीएनजीचं प्रमाण याहून मोठं आहे: एक किलो मिथेन जळून सव्वादोन किलो पाणी. पाइपचा पत्रा साधारण ५० ते ६० अंश सेल्सियसच्या वर तापलेला असेल तर वाफ निघून जाते, त्याखाली असेल तर आतल्या अंगाला पाणी धरतं. इंजिनाजवळचा पाइप लगेच तापतो, मागचा डबा आणि त्याच्या अलीकडचा पाइप सगळ्यात शेवटी. परळहून मुलांना शिवाजी पार्कला सोडलं, गाडी बंद. संध्याकाळी भाजी आणली, गाडी बंद. अशा फेऱ्यांत मागचा भाग कधी धड तापतच नाही. रोज थोडं पाणी आत राहतं, त्यात धुरातले वायू विरघळून ते आम्लधर्मी होतं आणि पत्रा खात बसतं. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाचं पेट्रोल आलं आणि त्यातलं गंधक दहा लाखांत ५० भागांवरून १० भागांवर उतरलं, ते बरंच झालं. पण त्याआधीची वर्षं तुमच्या पाइपने काढलेली आहेत.

पाणी सखल जागी साचतं. म्हणून कमानीचा माथा बहुधा ठणठणीत निघतो आणि सडलेले असतात ते तिचे दोन पाय, म्हणजे एक्सलच्या पुढचं आणि मागचं खालचं वळण. तिसरी जागा म्हणजे पाइप डब्यात शिरतो ती शिवण. तपासताना आधी या तीन ठिकाणी बघा.

बाहेरून होणारा हल्ला त्यानंतरचा. वरळी सी फेसला किंवा मरीन ड्राइव्हला रोज उभी राहणारी गाडी भरतीचे खारे तुषार खाते. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे अशा ठिकाणच्या साचलेल्या पाण्यातून गेलेल्या गाडीच्या एक्सलवर आणि कमानीखाली चिखल बसतो आणि आठवडाभर ओला राहतो. पावसाळ्यात गाडी धुताना आपण छत चकचकीत करतो, खालून पाण्याचा एक फवारा मारायचं कोणाच्या मनात येत नाही. तेवढा माराच.

फूट नक्की कुठे आहे

आवाजावरून जागा ठरवू नका. पाइपमध्ये आवाज लांबवर फिरतो, आणि पुढची गळती मागे ऐकू येते. थंड इंजिनला टकटक येते आणि गाडी तापली की जाते, तर ती बहुधा मॅनिफोल्डच्या (इंजिनाला लागून धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या) पॅकिंगची गळती. धातू तापून फुगला की फट बुजते. उभ्या गाडीत पत्र्याचा खडखडाट असेल तर उष्णतारोधक पत्र्याचा क्लॅम्प सैल झालेला असतो. त्यासाठी सायलेन्सर बदलून देणारे महाभाग आहेत, सावध राहा.

खात्रीची पद्धत साधी आहे. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना उघड्या हवेत सुरू करा. एकाने जाड हातमोजा घालून फडक्याच्या बोळ्याने टेलपाइपचं तोंड काही सेकंद अर्धंमुर्धं दाबायचं, दुसऱ्याने बाजूला वाकून कान द्यायचा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र जायचं नाही. फुसफुस जिथून येते तिथे फट. इंजिन चालू न करताही जमतं: व्हॅक्यूम क्लीनरचा फुंकणारा नळ टेलपाइपला लावायचा, कडेने फडकं गुंडाळायचं आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारायचं. फेस उठला की जागा सापडली. शिवाय प्रत्येक गळतीभोवती काजळीचा काळा ओघळ असतो, तो टॉर्चने शोधा.

मग ठोकून बघायचं. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पाइपवर टिचक्या मारत पुढून मागे जायचं. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. बद्द वाजलेल्या जागी टोक दाबून बघा. आत गेलं तर पुढचा विचारच नको. ठोकताना दोन्ही बाजूंना खणखणीत आवाज कुठून सुरू होतो तिथे खडूने खूण करा. नवा तुकडा या खुणेपासून त्या खुणेपर्यंत लागणार, आणि शक्यतो त्यापुढच्या मूळ फ्लँजपर्यंत (बोल्टने जोडायच्या चपट्या सांध्यापर्यंत). फ्लँज ते फ्लँज बदललेला तुकडा उद्या पुन्हा काढता येतो. मधेच कापून जोडलेला तुकडा काढताना पुन्हा कापावाच लागतो.

एक गोष्ट मात्र गाडी गॅरेजला नेण्याआधीच. मागच्या सीटखाली फुटलेला पाइप म्हणजे नुसता आवाज असं समजून महिना काढू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. जुन्या गाडीच्या फरशीतली रबरी बुचं कडक होऊन निघालेली असतात, डिकीचं रबर फाटलेलं असतं. पावसात काचा बंद, एसी आतली हवा फिरवण्यावर, आणि गाडी सायन सर्कलला अर्धा तास अडकलेली; वायू साचायला याहून चांगली सोय नाही. मागे बसलेल्यांचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, पेंग आली तर चारही काचा खाली करा, गाडी बाजूला घेऊन बंद करा आणि सगळे बाहेर या. बरं वाटेना तर थेट डॉक्टर गाठा. फुटका पाइप असलेल्या गाडीत एसी लावून झोपणं तर सोडाच.

फूट पुढच्या पाइपमध्ये, धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर प्रकरण वेगळं होतं. फटीतून बाहेरची हवा ओढली जाते, सेन्सरला मिश्रणात पेट्रोल कमी वाटतं आणि इंजिनाचा कॉम्प्युटर ते वाढवतो. ॲव्हरेज पडतो, पीयूसीला आकडे बिघडतात, आणि दोष प्लग-इंजेक्टरला जातो.

पाइप कुठला घ्यायचा

तीन वाटा. गाडीच्या कंपनीचा तुकडा मिळत असेल तर डोळे झाकून तो घ्या, कारण कमानीची वळणं बरोबर असतात आणि निम्मं काम तिथेच वाचतं. तो बंद झाला असेल तर ऑपेरा हाऊस भागातल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत बाहेरच्या कंपनीचा मिळतो. जाताना गाडीचं वर्ष, पेट्रोल की डिझेल, चासी नंबर आणि फ्लँजचा फोटो घेऊन जा. दोन बोल्टचा आणि तीन बोल्टचा फ्लँज एकाच मॉडेलच्या दोन वर्षांत वेगळा असू शकतो. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या पार्टमध्येही सायलेन्सर मिळतो, पण तो तुमच्याच गाडीच्या वयाचा, याच शहराचं पाणी प्यालेला असतो. इंजिनाचा, दरवाज्याचा पार्ट तिथून घ्यावा. हा घेऊ नये.

तिसरी वाट सायलेन्सरवाल्याकडून पाइप वाकवून घेण्याची. वाईट नाही, फक्त वळण बघा. पाइप बाहेरून नुसता दाबून वाकवला की वळणावर चपटा होतो, धूर अडतो आणि नेमकं तिथेच पाणी थांबतं. जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास असावी. बाहेरचा व्यास जुन्या पाइपवर व्हर्नियरने मोजून द्या, पण गंजाचा पापुद्रा खरवडून.

"स्टेनलेसचा टाकू का?" असं विचारलं तर कुठला स्टेनलेस ते विचारा. ४०९ दर्जाला चुंबक चिकटतं, त्यावर वरवरचा तांबूस गंजही येतो, तरी सायलेन्सरसाठी तो चांगला आणि किमतीला बेताचा. ३०४ ला चुंबक जवळजवळ धरत नाही, टिकतो जास्त, महागही जास्त. चुंबक चिकटलं म्हणून दुकानदार फसवतोय असं नाही. गाडीची पंधरा वर्षं भरत आली असतील आणि पुनर्नोंदणीसाठी वडाळा किंवा अंधेरीच्या आरटीओत न्यायची की विकायची हे ठरलं नसेल, तर ३०४ वर पैसे घालू नका. साधा मुलाम्याचा पाइप तेवढं आयुष्य सहज काढतो.

याच वेळी कोणीतरी सुचवतं की कॅटही (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) जुना झालाय, काढून सरळ पाइप टाकू, गाडी पळेल. जुन्या कॅटमध्ये प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असतं आणि भंगारात त्याला भाव आहे, हे त्या सल्ल्यामागचं गणित. नाही म्हणा.

काढताना

इथेच सगळ्यांचं घोडं अडतं.

आदल्या संध्याकाळी प्रत्येक नट-बोल्टवर गंज सोडवणारा स्प्रे मारा, सकाळी पुन्हा. सीएनजी असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. फरशीखालून जाणाऱ्या त्या बारीक नळीत सुमारे २०० बारचा दाब असतो, तिला पान्ह्याचा धक्काही लागू देऊ नका. आणि मागच्या भागात ग्राइंडर, गॅस कटर, वेल्डिंग यातलं काहीही गाडीवर चालवू द्यायचं नाही. टाकी वीतभरावर आहे. "ओलं गोणपाट लावतो, काही होत नाही," हे उत्तर ऐकलं की चावी परत घ्या.

गाडी खड्ड्यावर घेऊन हा पाइप निघत नाही, याचं कारण फार साधं आहे. खड्ड्यावर गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असते, म्हणजे एक्सल वर दाबलेला, कमानीवर बोटभरही जागा नाही. गाडी बॉडीच्या जॅक पॉइंटवर उचलायला हवी, दोन खांबांच्या लिफ्टवर किंवा भक्कम स्टँडवर, म्हणजे मागची चाकं लोंबकळतात, एक्सल खाली उतरतो आणि वर जागा होते. लिफ्ट नसलेल्या गॅरेजला हे काम देऊच नये असं माझं मत आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उताराच्या फरशीवर स्वतः करणं तर नकोच; सेक्रेटरीची कटकट हा त्यातला सगळ्यात लहान धोका.

तरीही जागा कमी पडली तर एक्सलला जॅकचा आधार देऊन मागच्या दोन्ही शॉक ॲब्सॉर्बरचे खालचे बोल्ट काढायचे आणि जॅक हळूहळू उतरवायचा. नजर दोन गोष्टींवर: ब्रेकचा रबरी होस ताणला जाऊ नये आणि कॉइल स्प्रिंग जागेवरून सुटू नये. दोन-तीन इंच मिळाले की पुरे.

जुना पाइप अख्खा काढायचा हट्ट धरू नका. तो भंगारातच जाणार आहे. कमानीच्या माथ्यावर, जिथे पत्रा चांगला आहे तिथे, हातकरवतीने किंवा साखळीच्या पाइप कटरने कापा. सडलेल्या जागी साखळी कटर लावला तर पाइप चेपतो, कापला जात नाही. कापण्याआधी दोन्ही तुकड्यांना दोरीचा किंवा स्टँडचा आधार द्या, नाहीतर सगळं वजन पुढच्या फ्लेक्सी पाइपवर (इंजिनाजवळच्या लवचीक नळीवर) येईल आणि तो फाटेल. पुढचा तुकडा पुढून, मागचा मागून निघतो. पाइप टांगणाऱ्या हँगरच्या रबराला साबणाचं पाणी लावून पहारीने ढकललं की आकडा सुटतो.

फ्लँजचे नट षटकोनी उरलेले नसतात, गोल झालेले असतात. बारा कोनांची गोटी (सॉकेट पान्हा) लावू नका, सहा कोनांची ठोकून बसवा. सुटत नसेल तर जोर लावण्याआधी थोडं घट्ट करून बघा, मग मागे, पुन्हा पुढे. गंजाची पकड अशी मोडते. पुढच्या, टाकीपासून लांब असलेल्या फ्लँजवर उष्णता वापरता येते: स्प्रे नीट पुसून काढा, कारण तो पेटतो, नट तापवा आणि त्याच्या मुळाशी मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आट्यांमध्ये शिरतं आणि नट फिरायला लागतो. मॅनिफोल्डचा स्टड मात्र तुटू देऊ नका. तुटलाच तर उरलेल्या बुंध्यावर नवा नट वेल्ड करून तो फिरवायचा, पण ते हात बसलेल्या माणसाचं काम.

बसवताना

पॅकिंग नवं. जुनं "अजून चांगलं आहे" म्हणणाऱ्याला त्याच्या किमतीचा विचार करायला सांगा. नट-बोल्ट नवे, आट्यांना तांब्याचं ग्रीस. रबर हँगर सगळे एकदम बदला.

अख्खा पाइप एक्सलवरून जातच नसेल तर तो दोन तुकड्यांत घ्या आणि एक्सलच्या मागे एकात एक सरकणारा सांधा करून क्लॅम्प लावा. वेल्डिंगपेक्षा मला हेच जास्त पसंत आहे. वेल्डिंग अपरिहार्य असेल तर गाडीवर जुळवून खडूने खूण करा, पाइप बाहेर काढून जमिनीवर वेल्ड करा. स्टेनलेसला साधं पोलाद जोडताना ३०९ दर्जाची रॉड लागते. साध्या रॉडने केलेला टाका पहिल्या पावसाळ्यातच लाल होतो.

आधी सगळे सांधे सैलच लावायचे. मग पाइप हाताने हलवून टाकी, एक्सल, ब्रेकचा होस यांपासून सगळीकडे साधारण इंचभर अंतर आहे का बघायचं, आणि त्यानंतर पुढून मागे घट्ट करत जायचं. मागून सुरुवात केली की सगळा पीळ फ्लेक्सीत जातो. गाडी चाकांवर उतरवल्यावर डिकीवर वजन देऊन दाबा आणि एक्सल वर आल्यावर पाइपला लागतो का ते ऐका. लिफ्टवर भरपूर दिसणारी जागा चाकांवर उरत नाही. नव्या पाइपवरचं तेल जळून पहिल्या फेरीत थोडा धूर आणि वास येतो, तो जातो.

एवढं करूनही फुटला तर

इंजिनचे माउंट, म्हणजे इंजिन ज्यांवर टेकतं ते रबरी आधार, बघा. बॉनेट उघडून, समोर कोणी उभं नाही याची खात्री करून, हँडब्रेक ओढून ब्रेक दाबा आणि गिअरमध्ये क्लच हलकेच सोडायला लावा. इंजिन दचकून वर उचलत असेल तर प्रत्येक सिग्नलला तो झटका सायलेन्सरला बसतोय, आणि पहिला बळी फ्लेक्सीचा. माउंट न बदलता फ्लेक्सी बदलत राहणं हा मुंबईतल्या गॅरेजांचा आवडता धंदा आहे.

मग हँगर. एक रबर तुटलं की त्याचं वजन शेजारच्या शिवणीवर येतं. ते तारेने बांधलेलं असेल तर कंप थेट पत्र्यात जातो. सोसायटीचा उंच स्पीड ब्रेकर मधल्या डब्याला घासत असेल तर डब्याच्या पोटावर चकाकता ओरखडा दिसतो. मागचे थकलेले स्प्रिंग हे त्याचं नेहमीचं कारण.

शेवटचं ते बारीक भोक. बऱ्याच मागच्या डब्यांच्या तळाशी कारखान्यातूनच पाणी निथळायला भोक ठेवलेलं असतं. सकाळी तिथून थेंब पडतात, गळती समजून वेल्डर ते बुजवतो आणि डब्यात कायमचं डबकं होतं. बुजलेलं असेल तर तारेने मोकळं करून घ्या. फेऱ्या जवळच्याच असतील तर आठवड्यातून एकदा गाडी पूर्व द्रुतगती मार्गावरून ठाण्यापर्यंत न थांबता नेऊन आणा, आतलं पाणी उडून जातं. आणि काम झाल्यावर आठवड्याभराने, गाडी थंड असताना, सगळे क्लॅम्प एकदा पुन्हा आवळून घ्या. तापून-थंड होऊन ते थोडे सैल पडलेले असतातच.